नव्या मालाची पहिली किंमत कशी ठरवावी? (फणसाचे तळलेले गरे)

काप्याचे_गरे (कुडाळ)

नमस्कार. कुडाळ तालुक्यात आमचा फळप्रक्रियेचा लहान उद्योग आहे. आजवर आम्ही आमसुले, आगळ आणि आंबापोळी करत आलो. या वस्तूंना बाजारात ठरलेला भाव असतो, त्यामुळे आपण काय दर लावावा हा प्रश्न आम्हांला कधी फारसा पडला नाही. येत्या हंगामात मात्र काप्या फणसाचे तळलेले गरे, नायट्रोजन भरलेल्या शंभर ग्रॅमच्या पाकिटांतून, विकायला काढायचे आहेत. आमच्याकडे गरे घरोघरी तळले जातात, परंतु लेबल लावलेले, काही महिने कुरकुरीत राहणारे पाकीट आमच्या भागातल्या दुकानांत अजून फारसे दिसत नाही. त्यामुळे तुलनेला हाताशी भाव नाही आणि इथेच आम्ही अडलो आहोत.

खर्च असा आहे. एक किलो तळलेले गरे हाती येण्यासाठी साधारण नऊ-दहा किलो फणस लागतो, कारण चारखंडे (साल व टाकाऊ भाग) आणि आठळ्या (बिया) गेल्यावर उरलेल्या गऱ्यांतलेही बरेच पाणी कढईत उडून जाते. शंभर ग्रॅमच्या पाकिटामागे फणसाचे १० रुपये, फोडणे, गरे काढणे व चिरणे यांची मजुरी १२, तेल ९, इंधन आणि मीठ ३, पाकीट व लेबल ५ आणि खोके व वाहतूक ३, असे ४२ रुपये होतात. याखेरीज जागेचे भाडे, यंत्राचा हप्ता, वीज, कायम कामगार आणि तपासण्या मिळून वर्षाला १,८०,००० रुपये लागतात. फणसाचा हंगाम आणि आमची माणसे पाहता वर्षाला १२,००० पाकिटांच्या वर जाणे शक्य नाही, म्हणजे कायम खर्चाचे पाकिटामागे १५ रुपये. एकूण ५७. त्यावर वीस टक्के नफा धरून छापील किंमत ७० रुपये ठेवावी असा विचार आहे. काही हितचिंतक म्हणतात की पहिल्या वर्षी ६० लावा, लोकांच्या तोंडी चव बसली की वाढवा. मोठ्या कंपन्या नवी वस्तू आणताना हे कसे ठरवतात आणि त्यातले आमच्यासारख्यांना काय लागू पडते, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

हमरस्ता_दुकान (कणकवली)

ताई, मुंबई-गोवा महामार्गालगत आमचे कोकणमेव्याचे दुकान आहे, म्हणून गल्ल्यापलीकडच्या बाजूने सांगतो. पाकिटावर ७० छापले म्हणजे आपल्याला ७० मिळाले असे होत नाही. ज्या मालाचे नाव लोकांना ठाऊक आहे, जो आपोआप उचलला जातो, त्यावर आम्ही थोडक्या नफ्यात भागवतो. नव्या, अनोळखी मालाला फळीवर जागा द्यायची, गिऱ्हाइकाला तो काय आहे हे समजावून सांगायचे आणि पावसाळ्यात एखादे पाकीट खवट निघाले तर तोंड द्यायचे, यासाठी खरेदीवर २५ टक्क्यांखाली मी तरी माल ठेवणार नाही. माल वितरकामार्फत आला तर त्याचे सात-आठ टक्के वेगळे. त्यातच बहुतेक वितरक पहिल्याच भेटीत 'दहावर एक' मागतात, म्हणजे दहा पाकिटांच्या पैशात अकरा पाकिटे. ही सूट नऊ टक्क्यांची आहे, पण बोलण्याच्या ओघात ती कोणाला फारशी जाणवत नाही. आपल्या ५७ रुपयांत यातले काहीच दिसत नाही.

हिशेबनीस (रत्नागिरी)

हमरस्ता_दुकान यांनी सांगितले तेच आकड्यांत मांडतो. एकदा डोळ्यांनी पाहिले की पुन्हा तो प्रश्न पडत नाही.

छापील किंमत ७०. दुकानदाराला खरेदीवर २५ टक्के द्यायचे तर त्याला पाकीट ५६ रुपयांना पडले पाहिजे. वितरकाचे ८ टक्के काढले तर त्याला ते सुमारे ५२ रुपयांना मिळाले पाहिजे. आपल्याकडे छापील किंमत सर्व करांसह असते, म्हणून या ५२ रुपयांत जीएसटीही आहे. तो ५ टक्के धरला (आपल्या मालाला नेमका कोणता दर लागतो हे कर सल्लागाराकडून लेखी घ्यावे), तर आपल्या हाती साडेएकोणपन्नास रुपये उरतात. त्यातून पाकिटागणिक होणारा ४२ रुपयांचा खर्च वजा केला की राहिले साडेसात. बारा हजार पाकिटे शेवटच्या नगापर्यंत विकली गेली, एकही परत आले नाही, तरी ९०,००० रुपये जमतात आणि कायम खर्च आहे १,८०,०००. म्हणजे वीस टक्के नफा धरून लावलेली किंमत आपल्याला पहिल्या वर्षी नव्वद हजारांच्या खड्ड्यात नेते. साठ रुपये लावले तर हाती सव्वाबेचाळीस-साडेबेचाळीस येतात, म्हणजे हंगामभर राबून फणस, तेल आणि मजुरी यांचेच पैसे कसेबसे सुटतात.

खर्चावर टक्केवारी चढवणे ही पद्धत सोपी वाटते, कारण तिच्यात गिऱ्हाइकाचा विचारच करावा लागत नाही. ज्या कंपन्या विचार करतात त्या उलट्या दिशेने येतात. दुकानाच्या फळीवर ही वस्तू किती रुपयांना उचलली जाईल, हे आधी शोधायचे. त्यातून दुकानदार, वितरक आणि कर वजा करायचे. आपल्याला हवा तो नफाही तिथेच वजा करायचा. जे उरेल तेवढ्यात माल तयार होतो का ते पाहायचे, आणि होत नसेल तर एकतर माल तयार करण्याची रीत बदलायची किंवा तो काढायचाच नाही. खर्च आपल्याला एवढेच सांगतो की या धंद्यात उतरावे की नाही. किंमत काय असावी हे सांगण्याचे सामर्थ्य त्यात नाही.

तुमच्यासाठी तोच हिशेब उलटा करून पाहू. घरातल्या माणसांच्या श्रमाचा आणि जोखमीचा मोबदला म्हणून वर्षाला १,२०,००० रुपये सुटावेत असे धरले, तर कायम खर्चासह तीन लाख जमले पाहिजेत, म्हणजे पाकिटामागे २५ रुपये. ४२ आणि २५ मिळून ६७ रुपये हाती यायचे तर कर धरून सुमारे ७०.३५, वितरकानंतर ७६ आणि दुकानदारानंतर ९५. छापील किंमत ९५ च्या खाली गेली की ठरवलेला मोबदला सुटत नाही. आता खरा प्रश्न उरतो की ९५ रुपयांना हे पाकीट कोण आणि कशासाठी घेईल.

चाकरमानी_डोंबिवली

शंभर ग्रॅमला ९५ म्हणजे किलोला ९५० रुपये झाले. गावात हे कोणी घेईल असे मला वाटत नाही. मोठ्या कंपन्यांचे उदाहरण विचारले आहे म्हणून सांगतो. निरमा १९६९ मध्ये अहमदाबादेत निघाली ती त्या वेळच्या आघाडीच्या पावडरीपेक्षा कितीतरी स्वस्त होती, आणि त्या जोरावर तिने देशभर घरे जिंकली. जिओने ५ सप्टेंबर २०१६ पासून कित्येक महिने सेवा फुकट दिली आणि मग मार्च २०१७ नंतर पैसे घ्यायला सुरुवात केली. आधी माणसे जोडायची आणि पैसे मागाहून मिळवायचे, हा मार्ग सिद्ध झालेला आहे. पहिले वर्ष तोट्यात गेले तरी नाव होईल, आणि नाव झाले की सगळे मागून येते.

वाणिज्य_अध्यापिका (सावंतवाडी)

चाकरमानी_डोंबिवली यांनी दिलेली दोन्ही उदाहरणे खरी आहेत. ती यशस्वी का झाली, हे पाहिल्यावर मात्र ती इथे लागू पडत नाहीत हेही कळते. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. आपल्याकडचे कितीतरी लहान उद्योग याच एका समजुतीपायी दुसरा हंगाम पाहत नाहीत.

नव्या वस्तूच्या किमतीचे दोन मार्ग जोएल डीन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९५० साली नीट मांडले. एक मार्ग असा की आरंभी किंमत चढी ठेवावी, ज्यांना ती वस्तू मनापासून हवी आहे त्यांना आधी विकावी आणि पुढे बेताबेताने उतरत जावे. दुसरा मार्ग असा की पहिल्याच दिवशी कमी किंमत लावून बाजार व्यापावा. दोन्ही मार्ग केव्हा चालतात याच्या अटी आहेत. कमी किमतीचा मार्ग तेव्हाच फळतो, जेव्हा किंमत उतरल्यावर खप पुष्कळ वाढतो, खप वाढला की नगामागचा खर्च झपाट्याने खाली येतो, आणि तो वाढलेला खप पुरवण्याची ताकद कारखान्यात असते.

जिओचे मनोरे आणि तारांचे जाळे एकदा उभे राहिल्यावर आणखी एक गिऱ्हाईक जोडण्याचा खर्च नगण्य होता, म्हणून फुकट देणे परवडले. शिवाय पाठीशी प्रचंड भांडवल होते. निरमाचा भाव कमी होता कारण तिची घडणच वेगळी होती. घरगुती पातळीवर हाताने मिसळलेली, स्वस्त घटकांची पावडर होती ती, आणि मोठ्या कंपनीचा डोलारा तिच्या डोक्यावर नव्हता. निरमाचे संस्थापक करसनभाई पटेल तोटा सोसून स्वस्त विकत नव्हते, त्या भावातही त्यांना नफा होता. गऱ्यांचे काय होईल? बारा हजारांऐवजी चोवीस हजार पाकिटांची मागणी आली तर फणस स्वस्त होणार नाही, उलट शेजारच्या गावांतून आणावा लागल्याने महागच पडेल. गरे काढणारे हात तेवढेच आहेत आणि हंगामही तेवढाच आहे. ज्याचा पुरवठा झाडावर आणि महिन्यावर बांधलेला आहे, त्याने खपाच्या आशेने किंमत पाडणे म्हणजे जी मागणी आपण पुरवूच शकणार नाही ती तोटा सोसून विकत घेणे होय.

दुसरी गोष्ट अशी की किंमत वस्तूविषयी काहीतरी बोलत असते. टाटा नॅनो जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत जगासमोर आली तेव्हा एक लाख रुपये हा आकडा आधी ठरलेला होता आणि गाडी त्यात बसवली गेली: ६२४ सीसीचे इंजिन मागच्या बाजूला, एकच वायपर, चाकांना तीनच नट. किमतीकडून मागे येण्याचे हे अभियांत्रिकीतले अत्यंत धाडसी उदाहरण आहे आणि त्याबद्दल मला आजही आदर वाटतो. परंतु 'सर्वांत स्वस्त गाडी' ही ओळख गिऱ्हाइकाला नकोशी झाली. रतन टाटा यांनीही पुढे जाहीरपणे म्हटले की तिला तशी ओळख मिळायला नको होती. २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पर्यटक आपल्या माणसांसाठी गावाहून काहीतरी घेऊन जातो, तेव्हा त्याला सर्वांत स्वस्त वस्तू न्यायची नसते.

बागायतदार_देवगड

चढ्या किमतीने आरंभ करण्याची रीत कोकणाला नवी नाही. हंगामाच्या तोंडावर वाशीच्या बाजारात जाणाऱ्या हापूसच्या पहिल्या पेट्यांना जो भाव मिळतो, त्याच्या अर्ध्यानेही मे महिन्यात मिळत नाही, आणि तरी त्या पहिल्या पेटीचे गिऱ्हाईक फसवले गेल्याची तक्रार करत नाही, कारण पुढे भाव उतरणार हे त्याला ठाऊक असते. मात्र आंबा नाशवंत असल्याने आम्हांला उतरावेच लागते. तुमच्या पाकिटाला ती सक्ती नाही, तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गणपतीला आलेल्या माणसांपर्यंत माल राखता येईल असे पाहा. मे महिन्यात सगळा विकून टाकण्याची घाई करू नका.

बचतगट_वेंगुर्ला

आमच्या गटाने मालवणी मसाला आणि कुळथाचे पीठ विकायला सुरुवात केली तेव्हापासून एक गोष्ट मी प्रत्येकीला सांगत आले आहे, ती इथेही सांगते. मजुरीचे १२ रुपये लिहिलेत, त्यात घरच्या बायकांची मजुरी धरली आहे का? पहाटे फणस फोडायला बसायचे, हाताला तेल चोळून चिकात काम करायचे आणि दुपारी कढईसमोर उभे राहायचे, हे काम सासू, जाऊ आणि मुलगी करतात म्हणून ते फुकट होत नाही. ते हिशेबात धरले नाही तर किंमत कमी दिसते, माल खपतो, सगळे कौतुक करतात, आणि ज्या दिवशी घरातली एक बाई आजारी पडून बाहेरची मजूर लावावी लागते त्या दिवशी सगळा नफा कुठे गेला ते कळत नाही. बाहेरच्या बाईला जो रोज द्यावा लागेल तोच घरच्या बाईच्या नावावर लिहा आणि शक्यतो तिच्या हातात द्या.

यंत्राचेही तसेच आहे. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, अनुदान ठेवलेले आहे, आणि योजना चालू असेल तर ते घ्यावेच. परंतु अनुदान मिळाले म्हणून तेवढा घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेचा खर्च, हिशेबातून वगळू नये. यंत्र झिजल्यावर दुसरे घ्यायचे तेव्हा कदाचित अनुदान नसेल, आणि तोवर गिऱ्हाइकाला सवय झालेली असेल ती अनुदानाने स्वस्त झालेल्या किमतीची.

काप्याचे_गरे (कुडाळ)

सर्वांचे मनापासून आभार. वेंगुर्ल्याच्या ताईंनी विचारले ते योग्यच आहे. घरच्या दोघींची मजुरी १२ रुपयांत धरलेली आहे, बाहेरच्या दरानेच. घसारा मात्र हप्त्यापुरताच धरला आहे, तो आता वेगळा काढते.

९५ रुपयांना हे पाकीट कोण घेईल हा प्रश्न डोक्यात घेऊन आम्ही आगाप फणसांची नमुन्यादाखल थोडी पाकिटे भरली. छापील किंमत ११० ठेवली, कारण छापील किंमत ही कमाल मर्यादा असल्याने तिच्याखाली विकता येते. मालवणातल्या ओळखीच्या एका होमस्टेमध्ये ती ११० लाच ठेवली, कणकवलीत ९५ ला आणि कुडाळच्या बाजारात आमच्या माणसाने स्वतः बसून ९५ ला. मालवणात कोणी भाव विचारून परत ठेवले असे फारसे झाले नाही. पाहुण्यांनी निघायच्या दिवशी दोन-दोन, तीन-तीन पाकिटे घेतली आणि त्यांनी तुलना केली ती आंबावडीशी आणि काजूगरांशी. कुडाळात मात्र लोक पाकीट हातात घेत, वजन पाहत आणि बटाट्याच्या वेफर्सशी तुलना करून खाली ठेवत. 'ल्हान पाकीट नाय काय?' असे पुष्कळांनी विचारले.

आता दोन शंका आहेत. मालवणात ११० चालत असतील तर ११० च का लावू नयेत? आणि लहान पाकीट काढले तर स्वस्त माल म्हणून मोठ्या पाकिटाचे नुकसान होईल का?

वाणिज्य_अध्यापिका (सावंतवाडी)

आपण लोकांना 'किती द्याल?' असे नुसते विचारत बसला नाहीत, प्रत्यक्ष विकून पाहिलेत, हे फार चांगले केलेत. तोंडी विचारायचेच झाले तर पीटर व्हॅन वेस्टेनडॉर्प यांनी १९७६ साली सुचवलेली चार प्रश्नांची रीत उपयोगी पडते. किती किंमत असेल तर ती इतकी कमी वाटेल की मालाबद्दल शंका येईल, कितीला स्वस्तात मिळाले असे वाटेल, कितीला महाग वाटेल तरी घ्याल, आणि कितीच्या पुढे घेणारच नाही, असे ते चार प्रश्न आहेत. यातला पहिला प्रश्न आपल्याकडे कोणीच विचारत नाही. माझ्या मते तोच सर्वांत बोलका आहे, कारण किमतीला खालूनही एक मर्यादा असते हे तो दाखवतो.

कुडाळ आणि मालवण यांतला फरक आपण टिपलात तोच सगळ्याचा गाभा आहे. माल तोच, पण तो कशाशेजारी ठेवला आहे यावर गिऱ्हाइकाच्या मनातली तुलना ठरते. वेफर्सच्या माळेशेजारी टांगलेले पाकीट ९५ ला महाग आहे, काजूगरांशेजारी ठेवलेले तेच पाकीट परवडणारे आहे. म्हणून दुकानदाराशी बोलताना भावाइतकाच जागेचाही आग्रह धरा.

हिशेबनीस (रत्नागिरी)

पहिल्या शंकेबद्दल माझे मत असे आहे. ११० छापून आरंभ करावा. याला कारण नुसती हाव नाही. किंमत खाली आणणे सोपे असते, वर नेणे कठीण असते, आणि आपल्याकडे कायदाही तसाच आहे. वेष्टित मालाच्या नियमांनुसार छापलेली किंमत कमी करायची असेल तर कमी किमतीची चिकटपट्टी लावता येते, फक्त मूळ छापील किंमत झाकली जाता कामा नये. वाढीव किमतीची चिकटपट्टी लावता येत नाही. साठ छापून पाकिटांचा गठ्ठा आणला आणि तेल महागले, तर तो गठ्ठा संपेपर्यंत आपण साठातच अडकलात. ११० रुपयांना वितरक व दुकानदारामार्फत आपल्या हाती सुमारे साडेसत्त्याहत्तर येतात. त्यात वेगळा काढलेला घसारा, परत येणारी पाकिटे आणि एखादी नाइलाजाने दिलेली सूट यांना जागा राहते. ९५ मध्ये ती जागा अजिबात नाही. त्या किमतीला वर्षभर 'दहावर एक' दिले तर पाकिटामागे सहा रुपये जातात आणि एक लाख वीस हजारांचा मोबदला सत्तेचाळीस हजारांवर येतो. नऊ टक्क्यांची सूट साठ टक्के नफा खाते, हे आकडे कृपया एकदा स्वतः मांडून पाहावेत.

उतरतानाही मात्र जपून उतरावे. आयफोनचा ८ जीबीचा फोन जून २००७ मध्ये ५९९ डॉलरना निघाला आणि सप्टेंबरमध्येच ३९९ ला आला. आधी घेतलेल्यांनी इतका संताप व्यक्त केला की कंपनीला त्यांना आपल्याच दुकानात वापरण्याजोगी शंभर डॉलरची पत द्यावी लागली. मालवणात ११० ला पाकीट घेतलेल्या माणसाला महामार्गावर तेच ९५ ला दिसले तर तो पुन्हा येणार नाही. म्हणून पाहणी संपली की सगळीकडे एकच भाव ठेवा.

दुसऱ्या शंकेचे उत्तर आकडेच देतात. पंचवीस ग्रॅमच्या पाकिटात माल साडेआठ रुपयांचा, पाकीट-लेबल साडेतीन, खोके-वाहतूक एक, असे १३ रुपये होतील. छापील किंमत ३० ठेवली तर दुकानदार, वितरक आणि कर जाऊन हाती सव्वाएकवीसच्या आसपास येतात, म्हणजे सव्वाआठ रुपये सुटतात. शंभर ग्रॅमच्या मालावर हे सुमारे ३३ रुपये झाले, ९५ च्या मोठ्या पाकिटात सुटत होते त्या २५ पेक्षा अधिक. लहान पाकिटाने मोठ्या पाकिटाचे नुकसान होत नाही. उलट किंमत न पाडता चव दाखवण्याचा मार्ग मिळतो. शाम्पूच्या पुड्यांनी हेच केले. १९९९ मध्ये चिक शाम्पूची पुडी पन्नास पैशांना आली तेव्हा बाटली परवडत नसलेले गिऱ्हाईक बाजारात आले. फक्त एक ध्यानात असू द्या की लेबलवर दर ग्रॅमची किंमतही छापावी लागते. लहान पाकिटावर १ रुपया २० पैसे आणि मोठ्यावर १ रुपया १० पैसे दिसतील. हा फरक गिऱ्हाइकाला पटण्याजोगा आहे. मोठे ९५ ला ठेवले असते तर तो जास्त डोळ्यांवर आला असता.

चाकरमानी_डोंबिवली

अध्यापिका आणि हिशेबनीस यांचे म्हणणे पटले. ज्या मालाला हंगामाची मर्यादा आहे त्याला जिओचे उदाहरण लावता येत नाही, हे आता स्पष्ट झाले. एक सूचना करतो. गणपती संपवून परत निघताना आम्ही रेल्वेने जातो आणि सामान आधीच खूप असते. शंभर ग्रॅमची चार पाकिटे फुगीर असल्याने पिशवीत मावत नाहीत. चार पाकिटांचे चपटे खोके मिळाले तर ते ४४० ला घ्यायला आमच्यापैकी पुष्कळजण तयार होतील. सूट नसली तरी चालेल, सोय हवी आहे.

हमरस्ता_दुकान (कणकवली)

११० ला माझी हरकत नाही, काजूगरांच्या फळीवर जागाही देतो. माझ्या दोन अटी आहेत. तुमच्या घरच्या विक्रीत आणि माझ्या दुकानात भाव एकच असावा. घरी विकलेल्या पाकिटावर दुकानदाराचा आणि वितरकाचा वाटा तुम्हांलाच राहतो, तो गिऱ्हाइकाला वाटून टाकला तर माझ्याकडे माल पडून राहील. दुसरे, मुदत संपायला महिना राहिलेली पाकिटे बदलून द्यावीत. माझ्याकडून पैसे पंचेचाळीस दिवसांत मिळतील. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यातही, लेखी करार केला तरी, त्याहून लांबची मुदत ठेवता येत नाही. तुमची उद्यम नोंदणी झालेली असेल तर प्रत्येक बिलावर तो क्रमांक छापा, म्हणजे इतर दुकानदारांकडेही बोलायला तोंड राहील.

काप्याचे_गरे (कुडाळ)

दोन्ही अटी मान्य आहेत. उद्यम नोंदणी आहे. शंभर ग्रॅमला ११० आणि पंचवीस ग्रॅमला ३० असे छापायचे ठरले आहे, आणि चार पाकिटांच्या चपट्या खोक्याचा नमुना मागवला आहे. 'दहावर एक' कोणालाच द्यायचे नाही. वितरकाने आग्रह धरला तर त्याला त्याऐवजी लहान पाकिटे चव दाखवण्यासाठी देऊ, म्हणजे सूट किती दिली ते आमच्या वहीत दिसेल.

म्हापशाच्या एका व्यापाऱ्यानेही विचारणा केली आहे. गोव्यात माल पाठवायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते असे आमच्या कर सल्लागारांनी सांगितले.

हिशेबनीस (रत्नागिरी)

बरोबर आहे, दुसऱ्या राज्यात करपात्र मालाची विक्री म्हटली की वस्तूंसाठीची ४० लाखांची सवलत लागू होत नाही. वर मांडलेल्या सगळ्या हिशेबांत कर धरलेलाच आहे, त्यामुळे नोंदणीने आपली किंमत बदलणार नाही. उलट पाकिटे आणि यंत्र यांवर भरलेला कर वळता करून घेता येईल. पहिल्या वर्षी फक्त महिन्याच्या महिन्याला तीन आकडे वेगवेगळे लिहून ठेवा: घरून किती पाकिटे गेली, दुकानांतून किती गेली आणि किती परत आली. पुढच्या हंगामापूर्वी ते इथेच मांडा, म्हणजे ११० कायम ठेवायचे की कसे ते पाहता येईल.